एलियस किती, कुठे आणि कोणाला द्यायचे

प्रश्न असा आला आहे: बारा वर्षांपासून एकच ईमेल पत्ता. तोच बँकेला, तोच खरेदीच्या साइटना, तोच मुलांच्या शाळेला, तोच दिसेल त्या वृत्तपत्रिकेला. इनबॉक्समध्ये वीस हजार न वाचलेले मेल, आणि त्यात कामाचं पत्र हरवतं. एलियस, म्हणजे त्याच मेलबॉक्सात येणारे जादा पत्ते, बनवले तर हे आटोक्यात येईल का? आणि बनवायचे तर नावापुढे अधिक चिन्ह लावून, की वेगळे पत्ते घेऊन?

येईल. पण साचलेल्या वीस हजारांना एलियसचा काडीचाही उपयोग नाही. ते आले तेव्हा सगळे एकाच पत्त्यावर आले, त्यामुळे त्यांच्यावर कसलीच खूण नाही. एलियस ज्या दिवशी तुम्ही कोणाला देता त्या दिवसापासून पुढे काम करतो. जुना ढीग एका फोल्डरात लोटा, त्याचं नाव 'जुनं' ठेवा आणि लागेल तेव्हा शोधून काढा. तो आवरायच्या नादात सुट्टीचे दोन दिवस घालवून पुन्हा पूर्वपदावर आलेली माणसं मी भरपूर पाहिली आहेत.

मी पंधरा-सोळा वर्षं मेल सर्व्हर सांभाळते आहे. एलियसबद्दल विचारणारे बहुतेक लोक त्याला कपाटातला कप्पा समजतात. कप्पा म्हणजे लेबल किंवा फोल्डर. एलियस हे दार आहे. मेल आत येताना कोणत्या दारातून आला एवढंच तो सांगतो. कप्प्यात काय ठेवायचं हे मेल आल्यावर ठरतं. कोणाला कोणतं दार दाखवायचं हे मात्र तुम्ही पत्ता देतानाच ठरवून टाकलेलं असतं, आणि सगळा फायदा तिथेच आहे.

यामागची गोष्ट सोपी आहे. पत्ता आणि मेलबॉक्स या दोन वेगळ्या वस्तू आहेत. '@' च्या उजवीकडचं डोमेन जगासाठी असतं. त्यावरून मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा ते कळतं. डावीकडच्या भागाचा अर्थ लावायचा अधिकार फक्त त्या शेवटच्या सर्व्हरला आहे. मेल वाहतुकीचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ५३२१ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून जीमेल नावातले टिंब खुशाल दुर्लक्षित करतं आणि दुसरा एखादा सर्व्हर त्याच टिंबामुळे दोन वेगळी माणसं मानतो. दोघंही नियमातच आहेत. युनिक्सच्या जुन्या सर्व्हरवर एलियसची एक साधी मजकुराची फाइल असायची: डावीकडे पत्ता, उजवीकडे तो कोणाच्या मेलबॉक्सात टाकायचा त्याचं नाव. आजच्या चकचकीत सेटिंगच्या पानांमागे जवळपास तेच आहे.

आता हे पाठवणाऱ्याच्या नावावर लावलेल्या फिल्टरपेक्षा चांगलं का? कारण पाठवणारा बदलतो. एखाद्या दुकानाच्या साइटवर तुम्ही एक खातं उघडता. पावती एका पत्त्यावरून येते, सवलतींची जाहिरात दुसऱ्यावरून, 'तुमचा अनुभव कसा होता' हे विचारणारा मेल तिसऱ्याच कंपनीच्या डोमेनवरून, आणि वर्षभरानं ते आपली मेल पाठवणारी सेवाच बदलतात. तुम्ही फिल्टर लावत राहता आणि ते नवे पत्ते काढत राहतात, वरातीमागून घोडं. पण त्यांच्या वहीत तुमचा पत्ता एकच आहे, तुम्ही दिलेला. तो त्यांच्या मनानं बदलत नाही. 'कोणाकडून' यावर त्यांचा ताबा, 'कोणाला' यावर तुमचा. फिल्टर नेहमी आपला ताबा असलेल्या बाजूला बांधावा.

अधिक चिन्हाची पद्धत फुकट आहे आणि आत्ता, या क्षणी सुरू आहे. पत्ता 'नाव@डोमेन' असेल तर 'नाव+खरेदी@डोमेन' असा लिहून द्यायचा. मेल त्याच मेलबॉक्सात येतो आणि 'खरेदी' ही खूण पत्त्यात तशीच राहते. कुठे जाऊन काही तयार करावं लागत नाही. (इथे मी देवनागरीत लिहिते आहे, प्रत्यक्षात खूण रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरी पत्त्यांना मुभा देणारा आरएफसी ६५३१ हा २०१२ मध्येच आला, पण पत्ता देवनागरीत दिला तर गोंधळून जाणारे फॉर्म अजून ढिगानं आहेत.) जीमेल, आउटलुक डॉट कॉम, आयक्लाउड, प्रोटॉन या सगळ्यांकडे ही सोय चालते. ऑफिसांत वापरल्या जाणाऱ्या एक्सचेंज ऑनलाइनमध्ये ती बरीच उशिरा, २०२० मध्ये आली. पोस्टफिक्स या प्रोग्रॅमवर चालणारा स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर 'रेसिपियंट डिलिमिटर' ही एक ओळ भरली की झालं. क्यूमेल हा दुसरा प्रोग्रॅम वापरणारे अधिकच्या जागी आडवी रेघ वापरतात.

तिचे तोटे मात्र मी तुम्हाला आधीच सांगते, कारण ते उशिरा कळतात आणि नको तेव्हा कळतात.

पहिला तोटा: कितीतरी फॉर्म अधिक चिन्ह चालवून घेत नाहीत. 'वैध ईमेल टाका' असा लाल मजकूर येतो. पत्ता पूर्ण वैध असतो. फॉर्म लिहिणाऱ्यानं नियम न वाचता तपासणी लिहिलेली असते. याहून वाईट म्हणजे जे फॉर्म अर्धवट चालवून घेतात. एका सेवेच्या नोंदणीच्या पानानं माझा अधिकवाला पत्ता आनंदानं घेतला. दोन वर्षांनी त्यांनी लॉगिनचं पान नवं केलं, आणि ते नवं पान अधिक चिन्ह टाकूच देईना. खातं आहे, पासवर्ड बरोबर आहे, आत जायचा मार्ग नाही. मदतकक्षाशी चार मेल झाल्यावर त्यांनी त्यांच्या बाजूनं पत्ता बदलून दिला. तेव्हापासून ज्या खात्यात पैसे आहेत किंवा जे गमावून चालणार नाही, तिथे मी अधिक चिन्ह वापरत नाही. हा माझा पक्का नियम आहे.

दुसरा तोटा मजेशीर आहे. वेबच्या दुव्यांमध्ये प्रश्नचिन्हानंतरच्या भागात अधिक चिन्हाचा अर्थ बहुतेक ठिकाणी 'मोकळी जागा' असा घेतात. त्यामुळे मेलखालच्या 'अनसबस्क्राइब' दुव्यात तुमचा पत्ता कच्चा घातलेला असेल, तर दाबल्यावर सर्व्हरला 'नाव खरेदी' असा मधे जागा असलेला पत्ता दिसतो आणि 'असा ग्राहक आमच्याकडे नाही' असं उत्तर येतं. मेल मात्र येतच राहतात. उपाय हातानं करता येतो: ब्राउझरच्या पत्तापट्टीत त्या दुव्यातलं अधिक चिन्ह खोडून तिथे टक्क्याचं चिन्ह, दोनचा आकडा आणि कॅपिटल बी हे अक्षर अशी तीन चिन्हं टाका, आणि पुन्हा एंटर दाबा. दहापैकी सात-आठ वेळा तरी काम होतं, हा माझा अनुभव.

तिसरा तोटा सगळ्यात महत्त्वाचा. अधिकच्या पुढचा भाग पुसला की तुमचा मूळ पत्ता उघडा पडतो, आणि ते पुसणं म्हणजे प्रोग्रॅमची एक ओळ आहे. पत्त्यांच्या याद्या विकणारे ती ओळ लिहितात. जाहिरातीच्या जगात तर हे राजरोस चालतं: यूआयडी २.० या ओळखप्रणालीच्या नियमांतच जीमेलच्या पत्त्यातले टिंब आणि अधिकपासूनचा भाग काढून टाकायला सांगितलं आहे, म्हणजे तुमच्या दहा खुणा पुन्हा एकच माणूस होतात. शिवाय असा पत्ता बंदही करता येत नाही. त्यावर आलेलं कचऱ्यात टाकणारा फिल्टर लावता येतो, इतकंच. अधिकची खूण म्हणजे पाकिटावर मारलेला शिक्का. तो टपाल निवडायला उत्तम आणि टपाल थांबवायला कुचकामी. हा फरक लक्षात न घेतल्यानं 'अधिक चिन्हानं स्पॅम थांबतो' असं लिहिलेलं जागोजाग सापडतं. थांबत नाही.

जीमेलवाल्यांसाठी एक छोटी युक्ती. जो फॉर्म अधिक चिन्ह नाकारतो तिथे 'जीमेल डॉट कॉम'ऐवजी 'गूगलमेल डॉट कॉम' लिहून बघा. दोन्ही डोमेनं त्याच मेलबॉक्सात येतात, आणि 'गूगलमेल'ला आलेले मेल वेगळे काढणारा एक फिल्टर लावला की तुम्हाला एक फुकटचं जादा दार मिळालं. टिंबांच्या जागा बदलून पत्ते द्यायची युक्तीही लोक सांगतात. मला ती आवडत नाही. कोणाला कुठे टिंब देऊन पत्ता दिला हे सहा महिन्यांनी आठवत नाही. आणि ऑफिसच्या गूगल वर्कस्पेस खात्यात टिंब धरले जातात, त्यामुळे एकीकडची सवय दुसरीकडे लावली तर मेल परत जातो.

अधिकच्या वरची पायरी म्हणजे खरे एलियस: सेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन तयार केलेले, मूळ नावाशी काही नातं नसलेले पत्ते, जे त्याच मेलबॉक्सात येतात. आउटलुक डॉट कॉमवर एका खात्याला दहापर्यंत मिळतात, आयक्लाउड मेलवर तीन, गूगल वर्कस्पेसमध्ये प्रशासक प्रत्येकाला तीसपर्यंत देऊ शकतो. साध्या जीमेल खात्याला ही सोय नाही. दहा किंवा तीन हा आकडा लहान वाटतो, पण वर्गवारीसाठी तो पुरेसा आहे. त्याकडे मी पुढे येते.

मायक्रोसॉफ्टच्या खात्यात एक गोष्ट जरूर करा. तिथे कोणत्या एलियसनं लॉगिन करता येईल ते निवडता येतं. कोणालाही कधीच न दिलेला एक एलियस तयार करा, फक्त त्यालाच लॉगिनची परवानगी ठेवा आणि बाकीच्यांची काढून घ्या. तुमचा जुना पत्ता कुठल्या ना कुठल्या फुटलेल्या यादीत असणारच, आणि त्यावर कोणीतरी रोज पासवर्ड मारून बघत असतं. तो पत्ता लॉगिनला चालेनासा झाला की खात्यात घुसायचे अयशस्वी प्रयत्न जवळपास थांबलेले दिसतात. इनबॉक्सच्या आवराआवरीशी याचा थेट संबंध नाही, पण पाच मिनिटांच्या कामात एवढा फायदा दुसऱ्या कशात नाही.

मग येतात मास्क, म्हणजे मुखवट्याचे पत्ते. अर्थहीन अक्षरांचा एक पत्ता सेवा तयार करून देते आणि त्यावर आलेलं तुमच्या खऱ्या मेलबॉक्सात पुढे पाठवते. ॲपलनं २०१९ मध्ये 'साइन इन विथ ॲपल'सोबत हे सामान्य वापरणाऱ्यांपर्यंत नेलं. २०२१ पासून आयक्लाउड प्लसच्या वर्गणीत 'हाइड माय ईमेल' आलं, ज्यात कुठल्याही साइटसाठी असे पत्ते काढता येतात. फायरफॉक्स रिलेवर पाच फुकट मिळतात. सिंपललॉगिनवर फुकटात दहा. ही सेवा २०२२ मध्ये प्रोटॉननं विकत घेतली. डकडकगोही असेच पत्ते देतं. मास्कचा खरा गुण हा की त्याला बंद करायचं बटण असतं. ज्या दिवशी त्रास सुरू झाला त्या दिवशी दाबा. त्यानंतर त्या दारातून काही येत नाही, आणि त्या दारावरून घराचा पत्ता कळत नाही.

पण मास्क देणारी सेवा ही तुमच्या आणि तुमच्या मेलच्या मधे बसलेली तिसरी व्यक्ती आहे हे विसरू नका. ती उद्या बंद झाली, तुम्ही वर्गणी भरली नाही, किंवा तिचं डोमेनच एखाद्या साइटनं काळ्या यादीत टाकलं, तर त्या मास्कवर उघडलेलं प्रत्येक खातं अडचणीत येतं. पासवर्ड विसरलात तर तो बदलायचा दुवा त्याच मास्कवर येणार. म्हणून वाचनपत्रिका, एकदाची खरेदी, ॲप चाळून बघणं, वायफायसाठी मागितलेला पत्ता यांना मास्क. बँक, कर, विमा, आरोग्य, नोकरी यांना कधीही नाही. शिवाय फॉरवर्डिंगची एक जुनी तांत्रिक ठसठस आहे. पाठवणाऱ्याच्या वतीनं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते एसपीएफ सांगतं. मधल्या सेवेनं मेल पुढे ढकलला की तो भलत्याच सर्व्हरवरून आलेला दिसतो आणि ती तपासणी बिघडते. चांगल्या सेवा पाठवणाऱ्याचा पत्ता नव्यानं लिहून हे सांभाळतात, आणि डीकेआयएमची सही (पाठवणाऱ्याच्या सर्व्हरनं मेलवर केलेली डिजिटल सही) मजकूर न बदलल्यास टिकते, तरी अधूनमधून एखादा खरा मेल स्पॅममध्ये पडतो. नवा मास्क दिला की पहिला आठवडा स्पॅम फोल्डर बघत जा.

स्वतःचं डोमेन ही शेवटची पायरी, आणि मला विचाराल तर ज्याला थोडी तांत्रिक आवड आहे त्याच्यासाठी सगळ्यात चांगली. दुकानाचं नाव लिहून पुढे आपलं डोमेन, असा पत्ता जागच्या जागी मनानं रचून द्यायचा. 'कॅच-ऑल' चालू असलं की त्या डोमेनवरच्या कुठल्याही नावाला आलेलं सगळं तुमच्याकडे येतं. सेवा बदलली तरी पत्ते तुमचेच राहतात. फोनवर मात्र गंमत होते. "ईमेल सांगा मॅडम," असं पलीकडून येतं, मी त्यांच्याच कंपनीच्या नावानं सुरू होणारा पत्ता सांगते, आणि क्षणभर शांतता पसरते. "तुम्ही आमच्याकडेच काम करता का?" एकदा तर सवलत मिळता मिळता राहिली.

कॅच-ऑलचा दोष असा की स्पॅम पाठवणारे नावांची यादी घेऊन अंदाजे पत्ते मारत बसतात, आणि तुमच्याकडे सगळीच दारं उघडी असतात. त्यामुळे मी मुख्य डोमेनवर कॅच-ऑल ठेवत नाही. त्यासाठी एक उपडोमेन, म्हणजे डोमेनच्या आधी एक शब्द आणि टिंब जोडून केलेलं नाव, वेगळं ठेवलं आहे. अंदाजे मारणारे सहसा तिथवर पोचत नाहीत, आणि फारच झालं तर ते उपडोमेन मोडून नवं काढता येतं. दुसरा धोका याहून मोठा आहे. डोमेनचं नूतनीकरण चुकलं आणि ते दुसऱ्यानं घेतलं, तर तुमच्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलायचा दुवा त्या माणसाच्या हातात जातो. तेव्हा नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवा, कार्ड बदललं की तिथे आठवणीनं बदला, आणि डोमेन जिथे नोंदवलं आहे त्या खात्याला त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका. किल्ली घरात आणि दाराला कुलूप, अशी गत होते.

आता किती, हा मूळ प्रश्न. उत्साहाच्या भरात लोक प्रत्येक साइटला एक खूण देतात आणि प्रत्येक खुणेला एक लेबल. तीन महिन्यांत साठ लेबलं होतात. एक ना धड, भाराभर चिंध्या. साठ लेबलं चाळणं हे एक गच्च इनबॉक्स चाळण्यापेक्षा काही सोपं नाही. मेल तुम्हाला कोणत्या वेळी आणि किती घाईनं वाचायचा आहे यावर दारं पाडा; विषयांवर पाडू नका. त्या हिशेबानं चार-पाच पुरतात.

माझी स्वतःची मांडणी सांगते. मुख्य पत्ता फक्त माणसांना. नातेवाईक, मित्र, सहकारी, डॉक्टर. कुठल्याही फॉर्ममध्ये तो जात नाही. फोनवर मेल आल्याची घंटी फक्त याच पत्त्यासाठी वाजते, आणि एवढ्या एका बदलानं दिवस किती शांत होतो हे केल्याशिवाय कळत नाही. दुसरा पैशाचा आणि कागदपत्रांचा: बँक, कर, विमा, घराची बिलं. हा खरा एलियस आहे, त्यात अधिक चिन्ह नाही, आणि त्यावर आलेलं इनबॉक्समध्येच राहतं, फक्त लेबल लागतं. तिसरा खरेदी आणि प्रवासाचा. चौथा वाचनाचा, त्यावरचं इनबॉक्स टाळून थेट फोल्डरात जातं आणि मी ते रविवारी उघडते किंवा उघडत नाही. बाकी सगळ्या परक्यांना मास्क.

पाचवा कोणाला हवा असेल तर तो घरातल्या दोघांना मिळून दिसायला हवेत अशा मेलसाठी असतो, आणि त्याला एलियस करू नका. एलियस एका मेलबॉक्साचा असतो. दोघांकडे प्रत जायला हवी तर ग्रूप किंवा फॉरवर्डिंगचा पत्ता घ्या.

तिसऱ्या दाराबद्दल थोडं थांबून सांगते, कारण सगळे तिथेच ठेचकाळतात. खरेदीचे मेल नकोसे असतात म्हणून माणूस फिल्टर लावतो: इनबॉक्स टाळा, वाचलेलं म्हणून खूण करा, फोल्डरात टाका. चार दिवसांनी कुठेतरी लॉगिन करताना सहा आकडी कोड मागतात, आणि कोड येतच नाही. 'पुन्हा पाठवा' तीनदा दाबलं जातं. तीनही कोड निमूटपणे फोल्डरात जाऊन बसलेले असतात, वाचलेले म्हणून, आणि दहा मिनिटांत बाद झालेले. म्हणून फिल्टर दोन करा. त्या एलियसवर आलेल्या प्रत्येक मेलला लेबल लावणारा एक. इनबॉक्स टाळणारा दुसरा, आणि तो फक्त ज्यात 'अनसबस्क्राइब' हा शब्द आहे अशाच मेलना लागू. कोड, पावत्या आणि 'तुमचा पासवर्ड बदलला आहे' या सूचनांमध्ये तो शब्द सहसा नसतो. जाहिरातींत जवळपास नेहमी असतो. २०२४ पासून तर जीमेल आणि याहू या कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांना एका दाबात नाव काढायची सोय देणं बंधनकारक केलं आहे. जीमेलच्या हिशेबात मोठं प्रमाण म्हणजे दिवसाला पाच हजार किंवा त्याहून जास्त. त्यामुळे ही चाळणी पूर्वीपेक्षा बरी चालते. 'वाचलेलं म्हणून खूण करा' हा पर्याय मात्र कुठेच लावू नका. न वाचलेला मेल ठळक दिसतो हीच तर त्याची एकमेव हाक असते.

फिल्टर 'टू' या रकान्यावर बांधला आणि तरी काही मेल निसटले, तर बहुधा तुमचा पत्ता बीसीसीमध्ये, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या प्रतीच्या रकान्यात आहे. मग 'टू'मध्ये तो दिसतच नाही. मेलचे मूळ हेडर, म्हणजे मजकुराच्या वरची वाहतुकीची माहिती, उघडून 'डिलिव्हर्ड-टू' ही ओळ पाहा. जीमेलच्या शोधात याच नावाचा एक शब्द चालतो, दोन शब्द जोडून आणि पुढे कोलन (:) देऊन, आणि तो फिल्टरमध्येही घालता येतो. गटांच्या चर्चांसाठी 'लिस्ट-आयडी' हा हेडर अजून भरवशाचा.

उत्तर देताना एक काळजी घ्या. एलियसवर आलेल्या मेलला तुम्ही सहज 'रिप्लाय' दाबलं की उत्तर मुख्य पत्त्यावरून जाऊ शकतं, आणि इतके दिवस जपलेलं दार समोरच्याला आयतं कळतं. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'या पत्त्यानं पाठवा' इथे तो पत्ता जोडा आणि 'ज्या पत्त्यावर मेल आला त्यावरूनच उत्तर द्या' हा पर्याय निवडा. मास्कच्या बाबतीत बहुतेक सेवा उत्तरही मास्कमधूनच पाठवतात, पण खालची सही आपोआप जोडली जाते आणि तिच्यात तुमचा खरा पत्ता असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

जुन्या पत्त्यावरून या मांडणीवर यायचं कसं? यादी करून एका बैठकीत शंभर खाती बदलायला बसू नका. पंचविसाव्याला कंटाळा येतो. पैशाची खाती पहिल्या आठवड्यात हातानं बदला, कारण ती मोजकी असतात. नवा पत्ता आधी जोडा, त्यावर आलेला पडताळणीचा दुवा दाबा, मगच जुना काढा. बाकीच्यांसाठी मेल येण्याची वाट पाहा. जुन्या पत्त्यावर जाहिरात आली की तिथेच ठरवा: नाव काढायचं, की खात्यात जाऊन पत्ता बदलायचा. दिवसाला दोन झाले तरी खूप. वर्षातून एकदाच मेल पाठवणारेही असतात, म्हणून जुना पत्ता किमान वर्षभर चालू ठेवा, आणि खरं तर कधीच सोडून देऊ नका. याहू कंपनीनं २०१३ मध्ये बराच काळ न वापरलेली नावं नव्या माणसांना वाटायला काढली होती. जुन्या मालकाच्या खात्यांचे मेल नव्याच्या हाती पडण्याचा धोका तेव्हा सगळ्यांना दिसला.

कोणाला कोणता पत्ता दिला याची नोंद पासवर्ड मॅनेजरमध्ये राहू द्या. वापरकर्तानावाच्या जागी तो पत्ता असतोच; वेगळी वही लागत नाही. डोक्यात ठेवायचा प्रयत्न केलात तर 'पासवर्ड विसरलात' या पानावर कोणता पत्ता टाकायचा इथेच अडाल.

आणि कधीतरी असं होईल की फक्त एकाच ठिकाणी दिलेल्या एलियसवर भलत्याच कोणाकडून तरी लॉटरी लागल्याचा मेल येईल. पहिला विचार येतो: विकला यांनी माझा पत्ता. असेलही. पण त्यांची मेल पाठवणारी तिसरी कंपनी फुटलेली असू शकते, त्यांच्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या संगणकातून पत्ते उचललेले असू शकतात, आणि दोनदा माझ्या बाबतीत असं निघालं की तो पत्ता मीच आळसानं दुसरीकडे दिला होता. रागाचा मेल लिहायच्या आधी पासवर्ड मॅनेजरमध्ये तो पत्ता शोधा. एकाच नोंदीत सापडला, तर त्या खात्याचा पासवर्ड बदला, खात्याला नवा एलियस द्या, पडताळणी झाली की जुना बंद करा, आणि मग त्यांना कळवा. दोन नोंदींत सापडला, तर कळवायला कोणी उरत नाही.